एसी १८ वर, तरी घाम का? गॅस भरण्याआधी हे वाचा

पणजी : मे महिन्यात किनारपट्टीवर पारा ३४-३५ च्या पुढे फारसा जात नाही, पण दमट हवेने जीव नकोसा होतो. एसी १८ वर ठेवूनही खोली थंड होत नाही, मग 'गॅस संपला' म्हणून मेकॅनिकला फोन जातो. दर वेळी दोष मशीनचाच असतो असं नाही.

एसीला दोन कामं असतात : हवा थंड करणं आणि तिच्यातली वाफ काढणं. पाइपातून तासाला एक लिटर पाणी पडत असेल, तर एक टनाच्या एसीच्या ताकदीचा जवळपास पाचवा हिस्सा त्या पाण्यावरच खर्च होतो. शिवाय एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. बाहेरचं युनिट तापलेल्या गच्चीवर असेल, तर ती आणखी घटते.

१८ केल्याने साधा एसी जास्त जोरात चालत नाही, फक्त थांबायचं नाव घेत नाही. बिल मात्र वाढतं. त्यापेक्षा जाळी धुवा, दारं-खिडक्या लावून घ्या, २४-२५ वर ठेवून पंखा सुरू करा.

जाळी धुवूनही आत बर्फ धरला किंवा दमट दिवसात पाइप कोरडाच राहिला, तर मात्र मेकॅनिकला बोलवाच.