ग्राफिक्स कार्ड, वीज आणि थोडा संयम

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. मे महिन्याची दुपार, बाहेर पारा चाळिशीच्या वर. सिडकोतून भाच्याचा फोन आला. "मामा, कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. उद्या सकाळी लग्नाची फिल्म द्यायचीय. जरा येता का?"

भाचा लग्नसमारंभाच्या चित्रफिती संपादित करतो. त्यासाठी त्यानं कर्ज काढून एक मोठं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं, ३५० वॅटचं. गेला महिनाभर दुपारी काम अर्ध्यावर आलं की कॉम्प्युटर खटकन बंद व्हायचा. त्यातच एका मित्रानं त्याला सांगितलं, "कार्डाची पॉवर लिमिट कमी आहे, दुसऱ्या कंपनीच्या कार्डाचा बायॉस टाक, मर्यादा वाढेल." भाच्यानं तो टाकला. मी पोहोचलो तेव्हा कार्डाचा एक पंखा फिरत नव्हता, दोन जोडण्यांमधून चित्र येत नव्हतं, आणि कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा लवकर बंद पडत होता. ताईचा चेहरा उतरलेला. हप्ते तर अजून दीड वर्ष बाकी होते.

असा प्रसंग आज अनेक घरांत येऊ शकतो, म्हणून आज या विषयावर बोलू. ही कार्डं आता फक्त मुलांच्या खेळांसाठी राहिलेली नाहीत. नारायणगावजवळ खोडदला ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथं आकाशातून येणाऱ्या संकेतांची आकडेमोड करायला ग्राफिक्स कार्डं वापरली जातात. पुण्याच्या सी-डॅकमधला 'परम सिद्धी' हा महासंगणक २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. तोही याच जातीच्या चिपांवर चालतो. त्यातल्या आठ-आठ चिपांच्या एकेका पेटीला जास्तीत जास्त साडेसहा किलोवॅट वीज लागू शकते. तिथं विजेचा आणि उष्णतेचा हिशेब आधी मांडतात, यंत्र नंतर बसवतात. आपण घरी नेमकं उलट करतो.

आता पॉवर लिमिट म्हणजे काय ते पाहू. ट्रकला किंवा बसला वेगनियंत्रक बसवलेला असतो, तसंच हे. कार्ड स्वतःची वीज सतत मोजत असतं. ठरलेल्या आकड्याला पोचलं की ते आपला वेग आणि आतला विद्युतदाब थोडा उतरवतं. म्हणजे मर्यादा गाठल्यामुळे कॉम्प्युटर बंद पडत नाही. फक्त काम किंचित मंदावतं. इथेच भाच्याच्या मित्राचं निदान चुकलं होतं.

खरं तर बिघाडाची लक्षणं नीट पाहिली तर अर्धं निदान तिथंच होतं. काम चालू आहे पण वेग कमी झाला, तर कार्ड तापलंय किंवा विजेच्या मर्यादेला टेकलंय. पडदा काळा झाला, पण कॅबिनेटमधले पंखे जोरात फिरताहेत, तर संशय कार्डावर, त्याच्या केबलवर किंवा ड्रायव्हरवर. आणि दिवे, पंखे, सगळंच एका क्षणात बंद झालं, तर आधी एसएमपीएसकडे आणि त्याच्या मागच्या विजेकडे पाहायचं. भाच्याचं लक्षण हे तिसरं होतं.

मी टेबलाखाली वाकलो. तिथं जुन्या कॉम्प्युटरसोबत घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस होता. आपल्याकडे घरोघरी हाच असतो. ६०० हा आकडा पाहून माणूस फसतो. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. असा यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. भाच्याचं एकटं कार्ड ३५० वॅट घेणारं. त्यात प्रोसेसर, डिस्का आणि दोन मॉनिटर धरले, तर बेरीज सहज ५०० च्या वर. वीज सुरळीत असताना यूपीएस तो भार कसाबसा पुढे ढकलायचा, अधूनमधून पीं-पीं करायचा. भाच्याला त्या आवाजाची सवय झाली होती. दुपारी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी सुरू झाले की विद्युतदाब उतरायचा, यूपीएस बॅटरीवर जायचा, आणि भार न पेलल्यानं मान टाकायचा. दोष ना कार्डाचा होता, ना मर्यादेचा. मर्यादा वाढवल्यावर तर भार आणखी वाढला, म्हणून कॉम्प्युटर लवकर बंद पडू लागला.

कार्डाला वीज कुठून मिळते, तेही माहीत असावं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत. सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५, आठ पिनांच्या केबलमधून १५०. म्हणजे आठ पिनांच्या दोन केबली लावल्या तर एकूण ३७५. या दोन केबली एसएमपीएसमधून स्वतंत्र याव्यात. एकाच केबलला फुटलेल्या दोन तोंडांवर मोठं कार्ड चालवू नये. काही नव्या कार्डांवर सोळा पिनांची एकच जोडणी असते, तिची क्षमता ६०० वॅटपर्यंत. २०२२ मध्ये ही जोडणी वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. केबल पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. पुढच्या वर्षी या जोडणीची रचना सुधारली गेली. म्हणून केबल शेवटपर्यंत दाबून बसवा आणि तोंडाशीच तिला कडक वळण देऊ नका. शिवाय मोठं कार्ड क्षणार्धासाठी लिहिलेल्या आकड्याहून बरीच जास्त वीज ओढतं. म्हणून एसएमपीएस घेताना नेमक्या बेरजेइतका घेऊ नये, हात राखून घ्यावा. आणि घरातलं अर्थिंग एकदा चांगल्या वायरमनकडून तपासून घ्यावं.

आता बायॉस, म्हणजेच फर्मवेअर. ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांत लोकांचा घोटाळा होतो. ड्रायव्हर हा विंडोजमध्ये राहतो, तो बिघडला तर काढून पुन्हा टाकता येतो. फर्मवेअर कार्डावरच्याच एका छोट्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. किती वीज घ्यायची, किती दाब द्यायचा, कोणता पंखा कधी फिरवायचा, कोणत्या जोडणीतून चित्र पाठवायचं, हे सगळं त्यात असतं. दुसऱ्या कार्डाचं फर्मवेअर टाकणं म्हणजे शेजाऱ्याच्या औषधाची चिठ्ठी आपण वापरणं. भाच्याचा पंखा थांबला तो याचमुळे.

मग फर्मवेअर कधीच बदलू नये का? तसंही नाही. २०१८ मध्ये एनव्हीडियानं आपल्या काही कार्डांसाठी फर्मवेअर सुधारणा दिली, कारण नव्या प्रकारच्या मॉनिटरवर विंडोज सुरू होईपर्यंत पडदा काळाच राहत होता. २०२० च्या जानेवारीत एएमडीनं आरएक्स ५६०० एक्सटी हे कार्ड बाजारात आणताना ऐन वेळी त्याची विजेची मर्यादा आणि मेमरीचा वेग वाढवला. आधीच डब्यांत भरलेल्या कार्डांमध्ये जुनंच फर्मवेअर होतं, ते ग्राहकांना स्वतः बदलावं लागलं. उलट २०१६ मध्ये आरएक्स ४८० हे कार्ड स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतंय असं दिसलं, तेव्हा नुसत्या नव्या ड्रायव्हरनं काम भागलं. यातून नियम निघतो तो असा. आधी ड्रायव्हर बदलून पाहा. फर्मवेअर तेव्हाच बदला, जेव्हा तुमच्याच कार्डाच्या कंपनीनं, तुमच्याच मॉडेलसाठी, तुम्हाला येणाऱ्या अडचणीवर ते दिलेलं असेल. जुन्या फर्मवेअरची प्रत आधी जपून ठेवा. पावसाळी गडगडाटात, किंवा वीज ये-जा करत असताना हे काम करू नका. लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर कार्ड मुकं होतं.

जुनं कार्ड घेणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं खाणकाम थांबलं आणि वापरलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. त्यातल्या काहींचं फर्मवेअर खाणकामासाठी बदललेलं होतं. असं कार्ड नीट चालत नसेल, तर त्याचं मूळ फर्मवेअर परत घालणं हाच पहिला उपाय.

भाच्याच्या नशिबानं त्याच्या कार्डावर दोन बायॉस होते आणि ते निवडायला एक बारीक बटण. कॉम्प्युटर बंद करून ते बटण सरकवलं, तसा पंखा फिरला आणि चित्र आलं. ज्यांच्याकडे असं बटण नसतं, त्यांना दुरुस्तीवाल्याकडे जाऊन ती चिप बाहेरून लिहून घ्यावी लागते. अशा कार्डाची वॉरंटी कंपनी नाकारू शकते, हेही लक्षात ठेवा.

मग आम्ही मर्यादा वाढवायच्या ऐवजी कमी केली, ३५० वरून २८० वॅटवर. त्याला फर्मवेअर लागत नाही. ड्रायव्हरच्या बरोबरीनं चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममधून ती कमी करता येते आणि हवी तेव्हा पूर्ववत करता येते. भाचा म्हणाला, "मग इतकं महागाचं कार्ड घेऊन उपयोग काय?" त्याचं उत्तर गणितात आहे. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग आणि दाब दोन्ही १० टक्के वाढवले, तर वीज सुमारे ३३ टक्के जास्त लागते. म्हणजे शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो, आणि तेवढा सोडला तर बरीच वीज वाचते. त्या फिल्मला नेहमीपेक्षा काही मिनिटंच जास्त लागली. खोली कमी तापली, पंख्यांचा आवाजही उतरला.

त्या रात्री आम्ही जुना यूपीएस काढून कॉम्प्युटर थेट चांगल्या अर्थिंगच्या प्लगवर लावला. रात्री गल्लीतला भार कमी असतो, काम पार पडलं. पुढच्या महिन्यात त्यानं १५०० व्हीएचा यूपीएस घेतला. कार्डाच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नव्हता.

तेव्हा मंडळी, यंत्र अडलं की आधी त्याची ताकद वाढवायला धावू नका. ते कधी अडतं, कसं अडतं, त्या वेळी घरात आणखी काय चालू असतं, हे दोन दिवस वहीत लिहून ठेवा. भाच्यानं तसं लिहिलं असतं, तर टेबलाखालचं ते पीं-पीं त्याला महिनाभर आधीच ऐकू आलं असतं.