पिवळ्या स्कूटरवरून आलेली गाणी

आम्ही माध्यमिक शाळेत शिकत होतो त्या काळात म्हापशाच्या बाजारपेठेत कॅसेटींची दुकाने चांगलीच बहरली होती. शाळा सुटली की आमची पावले आपसूक तिकडे वळत. घरी जितेंद्र अभिषेकींची नाट्यपदे वाजत. दीनानाथ मंगेशीचे, केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, ही नामावळी आमचे वडील स्तोत्रासारखी म्हणून दाखवीत. चर्चच्या बाजूने ऐकू येणारे व्हायोलिन मात्र आमच्या लेखी 'त्यांचे' होते. अशा त्या दिवसांत 'गोअन क्रेझी' नावाची एक कॅसेट आमच्या दृष्टीस पडली आणि साठवलेले सारे पैसे मोजून आम्ही ती घरी आणली.

त्या कॅसेटीचे कर्ते रेमो फर्नांडिस. जन्म 1953 चा, पणजीचा. घर बार्देशातील शिवोलीचे. बालपणी लंडनहून आलेल्या एका नातलगाने रॉक संगीताची ध्वनिमुद्रिका आणली आणि त्या तालाने मुलाला झपाटले, असे सांगतात. पुढे मुंबईस जे. जे. मध्ये वास्तुशास्त्राचे शिक्षण झाले. त्यानंतर युरोप व उत्तर आफ्रिकेत, वाटेत भेटेल त्या वाहनाने, गात-वाजवीत भ्रमंती झाली. इतके जग पाहून झाल्यावर गृहस्थ परतले ते आपल्या गावी. तेथेच घरात बसून 1984 साली त्यांनी ही गाणी मुद्रित केली. रचना, चाल, सर्व वाद्ये, सर्व आवाज, इतकेच काय, वेष्टनावरील चित्रसुद्धा स्वतःचे! आणि तयार कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर लादून दुकानोदुकानी पोचविणारेही तेच.

साधन होते चार ध्वनिपट्ट असलेले कॅसेट-यंत्र. ही युक्ती आजच्या मुलांना सांगावी लागते. एका पट्टावर गिटार मुद्रित करायची, ती कानांत ऐकत दुसऱ्यावर दुसरे वाद्य वाजवायचे, मग तिसरे. तीन पट्ट भरले की त्यांचे एकत्रीकरण चौथ्यावर करून आधीचे तीन पुन्हा मोकळे करायचे. मात्र प्रत्येक एकत्रीकरणात फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेले सूर पुन्हा वेगळे काढता येत नाहीत.

मिसळलेले सूर हाच तर या गाण्यांचा प्राण. पण हे मिश्रण परदेशातून उसने आणलेले होते असे आम्हांस वाटत नाही. शिवोलीत नाताळानंतर जो जागर होतो, त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघांचाही सहभाग असतो. जून महिन्यात सांजांवच्या दिवशी सजविलेल्या होड्या येतात. मांडो संथ लयीत चालतो आणि त्याच्या मागोमाग धुलपदाची लय उसळते. देखणीचे तर नवलच. 'बॉबी' (1973) चित्रपटामुळे जिची चाल देशभर पोचली त्या देखणीत एक कलावंतीण नावाड्याला पैलतीरी नेण्याची विनवणी करते. म्हणजे गीत ख्रिस्ती घरातले, नायिका देवळाच्या परिसरातली! ज्याच्या कानांवर लहानपणापासून हे पडले, त्याला वेगवेगळी संगीते एकत्र आणण्यासाठी निराळी प्रेरणा कशास हवी? 1985 साली 'ओल्ड गोअन गोल्ड'मध्ये रेमोंनी जुनी गोमंतकीय गीतेच पुन्हा गायली. पुढच्या वर्षीच्या 'पॅक दॅट स्मॅक'मध्ये मादक द्रव्यांविरुद्धचा सूर होता. किनाऱ्यावर काय चालले होते ते बार्देशवासीयांना ठाऊकच होते.

नेमक्या त्याच सुमारास भाषावादाने गोवा पेटला. राजभाषेचा कायदा 1987 च्या फेब्रुवारीत झाला. त्याआधीची दोन वर्षे शेजारी शेजाऱ्याशी जपून बोलत असे. आमचे वडील मराठीचे कडवे अभिमानी. "हे आपले नव्हे," असे म्हणून त्यांनी कॅसेट कपाटात टाकली. आमच्या मनात उत्तर होते, पण जिभेवर येईना. ज्या संगीत नाटकाचा आम्हांस अभिमान, ते तरी कोणत्या शुद्ध पाण्याचे? 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा कर्नाटकी चालींपासून साकी-दिंडीपर्यंत सर्वांना त्यात स्थान दिलेच होते.

त्या वर्षी चतुर्थीला मात्र एक प्रसंग घडला. आरतीला घुमट वडील वाजवीत. शेजारच्या वाड्यावरचा, मांडो गाणारा एक ख्रिस्ती गृहस्थ नेहमीप्रमाणे नेवऱ्या खायला आला होता. आरती संपल्यावर वडिलांनी काही न बोलता घुमट त्याच्यापुढे सरकवले. तेच मडके, तेच चामडे; बोल तेवढे निराळे. वडील मांडीवर ठेका धरून होते. कॅसेट दुसऱ्या दिवशी कपाटाबाहेर आली, एवढे स्मरते.

पुढे गाणे ऐकण्याइतकेच पाहण्याचेही झाले. 'जलवा' (1987) आला, शीतपेयाच्या जाहिरातीत जुही चावलाबरोबर रेमो झळकले, 'ओ मेरी मुन्नी'ची चित्रफीत घराघरांत गाजली, 2007 साली पद्मश्री मिळाली. ही कीर्ती मोठी खरी. परंतु आमचा कौल त्या खरखरणाऱ्या घरगुती कॅसेटीलाच.

2019 साली घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान मिळाला. घोरपडीच्या चामड्यास कायद्याने बंदी असल्याने आता बकऱ्याचे चामडे लावतात. गेल्या स्नेहसंमेलनासाठी आमच्या शाळेतील मुलांनी कीबोर्ड आणि घुमट घालून एक गीत रचले, भ्रमणध्वनीवर मुद्रित केले, चित्रफीतही काढली. पट्टांची टंचाई आता उरलेली नाही. घुमट कोण वाजविणार, असे आम्ही विचारले, तेव्हा सबंध वर्गातून एकच हात वर आला.