बंदराचा विकास आणि थांब्याचा प्रश्न

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील गोदीच्या जमिनीचा विकास करावयाचा, ही चर्चा गेली अनेक वर्षे चालू आहे. तीत दोन विधाने हमखास येतात. 'आधी दळणवळण सुधारले पाहिजे' हे एक, आणि 'लंडनने करून दाखविले' हे दुसरे. या विधानांना आपले कार्यकर्ते सहसा उत्तर देत नाहीत. रस्ता, पूल, रेल्वे हा अभियंत्यांचा विषय. आपला विषय घरांचा आणि नोकऱ्यांचा, अशी आपली समजूत आहे. मला ही समजूत घातक वाटते. मार्ग कोठून जातो यापेक्षा तो कोठे थांबतो, यावर वस्तीचे भवितव्य ठरते. एवढेच मला येथे मांडावयाचे आहे, आणि त्यासाठी प्रथम लंडनचेच उदाहरण तपासून पाहू.

लंडनच्या पूर्व भागात थेम्सच्या काठी दीड शतकाहून अधिक काळ गोद्या गजबजलेल्या होत्या. पुढे माल कंटेनरमधून जाऊ लागला. मोठ्या जहाजांना खोल पाणी आणि मोकळी जागा हवी होती. ती नदीच्या मुखाकडे टिलबरी येथे मिळाली. १९६७ साली ईस्ट इंडिया गोदी बंद पडली आणि १९८१ पर्यंत रॉयल गोद्यांचेही दरवाजे मिटले. माल उचलणारे हात रिकामे झाले.

या गोद्यांमध्ये 'आयल ऑफ डॉग्ज' नावाचा भाग आहे. तीन बाजूंना नदी, आणि ये-जा करण्यास मोजके रस्ते. त्या रस्त्यांवरचे गोदीचे पूल जहाज आले की बाजूला सरकत आणि माणसे खोळंबून राहत. १९७० च्या मार्च महिन्यात तेथील रहिवाशांनी हे रस्ते अडविले आणि 'आम्ही स्वतंत्र झालो' असे जाहीर केले. तक्रारी साध्या होत्या: शाळा नाहीत, बससेवा अपुरी आहे. याच दशकात भुयारी रेल्वे गोद्यांच्या भागापर्यंत नेण्याची योजना कागदावर होती. खर्च परवडत नाही म्हणून ती पडून राहिली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. माणसे होती, गरज होती, मागणीही होती. तेव्हा रेल्वे आली नाही.

१९८१ साली सरकारने लंडन डॉकलँड्स विकास महामंडळ स्थापन केले. बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार निवडून आलेल्या स्थानिक नगरसंस्थांकडून काढून या सरकारनियुक्त मंडळाला दिला. १९८२ मध्ये आयल ऑफ डॉग्जच्या भागात येणाऱ्या व्यवसायांना दहा वर्षे स्थानिक करातून सूट जाहीर झाली. मग १९८७ मध्ये हलकी रेल्वे सुरू झाली. खर्च ७ कोटी ७० लाख पौंड, स्थानके १५, गाड्या चालकाशिवाय धावणाऱ्या, मार्गाचा काही भाग जुन्याच रेल्वेच्या कमानींवरून नेलेला. लवकरच कॅनरी वॉर्फ येथे कचेऱ्यांचे प्रचंड संकुल उभे राहू लागले. तेथे येणाऱ्या नोकरवर्गाला ही रेल्वे अपुरी पडणार, हे दिसताच १९९१ मध्ये ती शहराच्या बँकांच्या पेठेपर्यंत नेण्यात आली. १९९९ मध्ये भुयारी रेल्वेही आली. तिचा खर्च सुमारे ३५० कोटी पौंड झाला. कॅनरी वॉर्फच्या बिल्डरने देऊ केलेला वाटा होता ४० कोटी, आणि १९९२ मध्ये तर तो बिल्डरच दिवाळखोरीत गेला होता. भार मुख्यतः सार्वजनिक तिजोरीने उचलला. रहिवाशांसाठी जो पैसा नव्हता, तो कचेऱ्यांसाठी निघाला.

पण एवढ्यावर थांबलो तर आपले विवेचन एकांगी होईल. या हलक्या रेल्वेची स्थानके जवळजवळ होती. ती पुढे १९९४ मध्ये बेकटनला, १९९९ मध्ये लुईशमला आणि २००९ मध्ये वूलिचला पोहोचली. वाटेत जुन्या गोदी कामगारांच्या वस्त्या होत्या. तेथील बाईला बाजारात, पोराला कॉलेजात जाता येऊ लागले. याउलट १९९३ मध्ये लाइमहाउस येथे १.८ किलोमीटरचा बोगदा मोटारींसाठी उघडला. त्यासाठी राहती घरे पाडावी लागली. मोटारवाल्यांची काही मिनिटे वाचली. ज्यांच्या घरांखालून तो गेला, त्यांना त्यात उतरण्याची सोयही नव्हती. एकाच महामंडळाच्या काळातील ही दोन कामे. एक थांबणारे, दुसरे न थांबणारे. फरक येथे आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रॉयल गोद्यांच्या जागी विमानतळ होणार असे ठरत असताना १९८३ मध्ये तेथील रहिवाशांनी स्वतःचा 'लोकांचा आराखडा' तयार केला. घरे, रोजगार, पाळणाघरे यांची मांडणी त्यात होती. ते हरले, १९८७ मध्ये विमानतळ सुरू झाला. परंतु वस्तीतील माणसे नुसती हरकत घेत नाहीत, आराखडाही करू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले.

आता मुंबईकडे येऊ. दोन्ही शहरांतील कारण एकच आहे. १८७३ साली येथे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. गावकुसाबाहेरून आलेल्या आपल्या माणसांना गोदी, रेल्वे आणि गिरणी यांनी काम दिले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला याच हार्बर मार्गावरून धावली. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही स्थानके कामगाराच्या दारात होती. १९८९ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरचा माल तिकडे वळत गेला. टिलबरीने लंडनचे जे केले, तेच येथे झाले.

त्यानंतर या किनाऱ्यावर कोणते मार्ग आले? २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग आला. गोदीच्या पट्ट्यातून तो खांबांवरून जातो. पायी माणसाला त्यावर चढता-उतरता येत नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना त्यावर मज्जाव आहे. सुरुवातीला मोटारीचा एका फेरीचा टोल २५० रुपये ठेवण्यात आला. पुढे काही बसगाड्याही त्यावरून सोडल्या, हे खरे. पण त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली, आणि तिची चर्चा सेतूच्या शतांशानेही झाली नाही. ती गावोगावच्या स्थानकांवर थांबते आणि लोकलच्या तिकिटात नेते.

मी गोदीच्या भागात रात्रशाळेत शिकवतो. भूगोलाच्या तासाला मी मुलांना घरापासून कामापर्यंतचा रस्ता काढावयास सांगितला. पायवाट, रुळावरचा पूल, स्टेशन, बसचा थांबा, भाऊच्या धक्क्यावरची लाँच, हे सारे नकाशांत आले. मुक्त मार्ग एकाच मुलाने काढला होता. त्याखाली त्याने लिहिले होते: 'पावसात इथे उभे राहतो.' ज्या मार्गाचा उपयोग छपरापुरता, तो मार्ग वस्तीपर्यंत आला असे म्हणता येईल काय?

'पण मार्ग तर सार्वजनिक आहे', असे कोणी म्हणेल. महाडचे तळेही ठरावाने सार्वजनिकच होते. मुंबई कायदेमंडळाचा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. तरी पाण्याला हात लागला तो १९२७ मध्ये, बाबासाहेब स्वतः तळ्याची पायरी उतरले तेव्हा. तेथे आडवी आली होती जात. येथे आडवे येतात वाहन आणि भाडे. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण कागदावरचा हक्क आणि पायाखालचा हक्क यांतले अंतर आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मार्ग आला की भोवतालच्या जमिनीची किंमत वाढते. ही वाढ कोणाच्या पदरात पडते, हाच दळणवळणाच्या प्रश्नातील खरा अर्थव्यवहार. पूर्व किनाऱ्यावर बंदराची जमीन सार्वजनिक मालकीची आहे. म्हणून वाढलेल्या किमतीतून बसगाड्या, पादचारी पूल आणि तेथेच राहणाऱ्यांची घरे उभी करता येतील. पण ही जमीन केंद्राच्या अखत्यारीत असल्याने राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना तेथील झोपड्यांना आपोआप लागू होत नाही. घराचा हक्क मार्गाच्या आधी पक्का झाला नाही, तर सुधारलेले दळणवळण जुन्या रहिवाशाला बाहेर नेण्याच्याच कामी येईल.

म्हणून पुढील आराखड्याची जाहीर सूचना निघेल, तेव्हा हरकतीच्या अर्जात 'पूल नको' एवढेच लिहू नये. थांबे कोठे, हे विचारावे. तेथपर्यंत पायी जाण्यास किती वेळ लागेल, भाडे एका दिवसाच्या मजुरीच्या किती हिश्श्याचे, सफाईच्या कामाला पहाटे निघणाऱ्या बाईसाठी पहिली गाडी कितीला, आणि मार्गात येणाऱ्या घरांना पर्यायी घर किती अंतरावर, हे विचारावे. शिक्षकांनी मुलांकडून वस्तीचे नकाशे काढून घ्यावेत आणि ते अर्जाला जोडावेत.