गाठी नव्हेत, थांबलेली बीजांडं

साकीनाक्याच्या एखाद्या सोनोग्राफी केंद्रातला पडदा पाहा. करड्या रंगात जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचं अंडाशय आणि त्याच्या कडेनं ओळीत बसलेले काळे ठिपके. रिपोर्टवर ‘पीसीओडी’ वाचलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘गाठी झाल्यात का?’ पण त्या गाठी नाहीतच! प्रत्येक ठिपका म्हणजे २ ते ९ मिलिमीटरची, पाण्यानं भरलेली पिशवी. तिच्यात एक बीजांड, वाढता वाढता मध्येच अडलेलं.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्याजवळ ६० ते ७० लाख बीजांडं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि उभ्या आयुष्यात त्यातली चारशे-पाचशेच पिकतात. एरवी दर महिन्याला अनेक पिशव्या वाढू लागतात आणि एकच शेवटपर्यंत जाते. पीसीओडीमध्ये, म्हणजेच पीसीओएसमध्ये, अनेकदा त्यातली एकही पुढे सरकत नाही, म्हणून पाळी लांबते.

अडतं कुठे? मेंदू दर तास-दीड तासानं एक रासायनिक संदेश सोडतो. हे संदेश घाईनं सुटू लागले, की एलएच नावाचं संप्रेरक वाढतं आणि बीजांड पिकवणारं एफएसएच हे संप्रेरक मागे पडतं. एलएचमुळे अंडाशय पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतं. ही संप्रेरकं प्रत्येक बाईच्या शरीरात असतातच, इस्ट्रोजेन तयार होतं तेही त्यांच्यापासूनच! फक्त प्रमाण वाढलं, की मुरुमं येतात, हनुवटीवर राठ केस उगवतात.

खरं नवल पुढे आहे. पीसीओएस असलेल्या अनेक जणींचे स्नायू, अगदी सडपातळ मुलींचेसुद्धा, इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. अंडाशय मात्र त्याला पूर्वीइतकीच दाद देतं आणि पुरुषी संप्रेरकं आणखी वाढवतं.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. एका निकषानं २२.५ टक्के मुलींत पीसीओएस आढळला, दुसऱ्या, अधिक कडक निकषानं १०.७ टक्के. कोवळ्या वयात अंडाशयात पुष्कळ ठिपके असणं स्वाभाविकच असतं. त्यामुळे पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत नुसत्या सोनोग्राफीवरून निदान करू नये.

आता उपाय. चालताना स्नायू आखडतात, तेव्हा इन्शुलिनची वाट न पाहता ते रक्तातली साखर थेट आत ओढतात. मागचं दार उघडावं तसं! खैरानी रोडच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर बसणाऱ्या मुलीनं परतताना मेट्रोच्या असल्फा स्थानकावरूनच घरापर्यंत पायी यायचं ठरवलं, तर तिचे स्नायू हेच करत असतात. वजन जास्त असेल, तर ते पाच टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते. गरजेनुसार डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या किंवा मेटफॉर्मिन हे औषध देतात. मूल हवं असेल, तर बीजांड पिकवायला लेट्रोझोल हे औषध आहे. पीसीओएस असलेल्या बहुतेक जणी आई होतात, हे लग्नाच्या वयाच्या मुलीला स्पष्ट सांगायला हवं.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. पाळी तीन महिने आली नाही, तर गर्भाशयाचं अस्तर साचत जातं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. ‘लग्नानंतर होईल सुरळीत’ म्हणत थांबू नका, लेकीला डॉक्टरकडे न्या.