मासा जिवंत आहे, म्हणजे पाणी चांगलं?

मागच्या सेमिस्टरला आमच्या बॅचने कॉलेजमागच्या ओढ्याचं पाणी तपासलं. पीएच, बीओडी, सीओडी, सगळे आकडे ठीक आले. ओढ्यात मासेही फिरत होते. मी जर्नलमध्ये बिनधास्त लिहून टाकलं, ‘पाणी जलचरांसाठी सुरक्षित.’ सरांनी त्याखाली लाल पेनाने लिहिलं, ‘माशाला विचारलंस का?’ तेव्हा हसू आलं. नंतर लायब्ररीत वाचताना कळलं, की माशाला खरंच विचारता येतं!

प्रत्येक पेशीत जवळजवळ सगळे जीन्स असतात, पण सगळे एकदम चालू नसतात. समजा, मेसच्या ऑफिसात सगळ्या पदार्थांचं एक रजिस्टर आहे. आज जे करायचं, त्याचीच चिठ्ठी आचाऱ्याकडे जाते. रजिस्टर म्हणजे डीएनए, चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. कोणत्या जीनच्या किती चिठ्ठ्या निघाल्या, हे मोजणं म्हणजे जीन एक्स्प्रेशन मोजणं.

त्यासाठी रिअल टाइम पीसीआर वापरतात. माशाच्या यकृतातून आरएनए काढायचा आणि त्यावरून डीएनएची प्रत बनवायची. यंत्रात दर सायकलला या प्रती साधारण दुप्पट होतात, तशी चमक वाढते. एका नमुन्याची चमक दुसऱ्यापेक्षा १० सायकल आधी दिसली, तर त्यात चिठ्ठ्या सुमारे १०२४ पट होत्या. (दोनाचा दहावा घात, गणित आपलंच!)

आता खरी गोष्ट. अंड्यातल्या बलकासाठी मादीचं यकृत व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवतं. त्याचा जीन नरातही असतो, पण जवळपास बंद. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ‘लेक २६०’ नावाच्या तळ्यात संशोधकांनी २००१ ते २००३ या काळात, दर उन्हाळ्यात, गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं. प्रमाण किती? लिटरला ५-६ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! आमच्या बीओडीच्या बाटलीला याचा पत्ताही लागला नसता. पण फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांमध्ये बलकाच्या चिठ्ठ्या निघू लागल्या. मासे पोहत होते, दिसायला सगळं ठीक. पुढे मात्र नवी पिल्लं येईनाशी झाली आणि तळ्यातून हा मासा जवळजवळ नाहीसा झाला. इस्ट्रोजेन सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी तो पुन्हा वाढला. म्हणजे इशारा वेळेवर ऐकला, तर उपाय आहे.

अर्थात एका जीनवरून निकाल देता येत नाही. चिठ्ठ्या ऋतू, तापमान, माशाचं वय यांनीही बदलतात. म्हणून स्वच्छ पाण्यातल्या तशाच माशांशी तुलना करावीच लागते.

जर्नलमधली ती ओळ मी खोडली. आता तिथे लिहिलंय, ‘केलेल्या चाचण्यांत दोष आढळला नाही. माशांवरील परिणाम तपासलेला नाही.’ सरांनी सही केली. मार्क मात्र तेवढेच!