गाडी, गोळी आणि गुरुजींची साखर

गेल्या महिन्यात एका सकाळी आमच्या एका निवृत्त गुरुजींना दोघांनी रिक्षातून दवाखान्यात आणले. नरसोबाच्या वाडीला चालत जाताना पुलावरच त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते कठड्याला धरून खाली बसले. बरोबरच्यांना वाटले, हार्ट अ‍ॅटॅक. साखर तपासली तर अवघी 52! ग्लुकोज पाजल्यावर पंधरा मिनिटांत गुरुजी नेहमीसारखे बोलू लागले.

चूक माझी होती, म्हणून सविस्तर सांगतो.

गुरुजी सहा महिने मुलाकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला होते. वस्ती जवळपास चार लाख, पण तिथे आपल्या एस.टी.सारखी ठरलेल्या रस्त्याने जाणारी शहर बस नाही. 2017 मध्ये होती तीही बंद झाली आणि मोबाईलवरून बोलवायची सामायिक व्हॅन आली. कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा मोटार लागते. गुरुजींना सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. मुलगा-सून कामावर गेले की गुरुजी आणि काकू घरात, खिडकीशी. "डॉक्टर, देवळात जायचं तरी पोराला रविवारी सांगायला लाज वाटायची," असे ते म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात साखर वाढली. मुलाने फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला. मी खाण्याची चौकशी केली, चीज बंद करा म्हटले आणि ग्लिमेपिराइडची गोळी दुप्पट केली. 'गुरुजी, चालता किती?' हे मात्र विचारले नाही. इथे रोज तासभर चालणारा माणूस तिथे बसून होता. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. ते काम थांबले होते. परत आल्यावर पाय पुन्हा चालू लागले, गोळी मात्र दुप्पटच राहिली. त्यात त्या दिवशी गोळी घेऊन, नुसत्या बिनसाखरेच्या चहावर निघालेले!

आता मुलांकडे जाणारे आई-वडील गावोगाव आहेत. त्यांनी निघण्यापूर्वी आणि परतल्यावर पंधरा दिवसांत साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. विमानात तासा-दोन तासाने उठून फिरावे, पोटऱ्या हलवत राहाव्या. बसून बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. तिथे जेवणानंतर पंधरा मिनिटे अंगणात, नाहीतर घरातल्या घरात चालावे. तिथले वृद्ध सकाळी मॉलमध्ये चालायला जातात, त्यात संकोच कसला? रस्ता ओलांडताना मात्र आधी डावीकडे पाहा, कारण तिथे वाहने उजवीकडून चालतात. शिवाय सिग्नल लाल असतानाही मोटारी थांबून उजवीकडे वळू शकतात. फुटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा डाव्या कडेने चाला. साठीनंतर तिथे जाऊन प्रथमच स्टिअरिंग धरा, असे मी तरी सांगणार नाही.

एकटेपणाची गोळी माझ्याकडे नाही. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी 2023 मध्ये एकाकीपणा प्रकृतीला घातक असल्याचा जाहीर इशारा दिला होता. (मूर्तींचे घराणे मूळचे कर्नाटकातले, आपल्या शेजारचेच.) तेव्हा मुलांनी आठवड्यातली एक संध्याकाळ तरी त्यांच्यासाठी राखावी, न मागता.

गुरुजींची गोळी आता पूर्वीइतकीच आहे. पुढच्या वर्षी ते पुन्हा जाणार आहेत. त्या व्हॅनचे अ‍ॅप मोबाईलमध्ये घालून द्यायचे सुनेने कबूल केले आहे, आणि काकू म्हणतात, ते मी शिकेन, यांना नाही जमायचं.