शेगावची वाट आणि वाटसरूचा निवारा

माघ वद्य सप्तमी जवळ आली की वऱ्हाडातील घराघरांतून शेगावचा विषय निघतो. पोथीचे पारायण सुरू होते, झुणका-भाकरी आणि अंबाडीच्या भाजीच्या नैवेद्याची सिद्धता होते आणि कोणीतरी हळूच विचारते, “यंदा प्रगटदिनाला जायचे का?” जावेसे सर्वांनाच वाटते. पण त्यापाठोपाठ घरची वडीलधारी बाई जो प्रश्न विचारते, त्यावर पुष्कळशा यात्रा अडतात: “जाऊ खरे, पण उतरायचे कोठे?”

ज्यांच्या दारी मोटार उभी आहे त्यांना या प्रश्नाची धास्ती नसते. जागा मिळाली नाही तर ते रातोरात माघारी फिरू शकतात. परंतु सोबत वृद्ध सासूबाई, कडेवर मूल, हाती वळकटी आणि खिशात मोजके पैसे घेऊन जे कुटुंब आगगाडीतून उतरते, त्याने काय करावे? आजचे हे चार शब्द अशाच कुटुंबासाठी आहेत.

आगगाडीच्या वाटेवरील क्षेत्र

भुसावळहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून 1867 साली नागपूरला पोहोचला. त्यानंतर अकरा वर्षांनी, 23 फेब्रुवारी 1878 रोजी, शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा एक दिगंबर तरुण बंकटलाल अगरवालांच्या दृष्टीस पडला. श्री गजानन महाराजांच्या प्रगट होण्याची ही कथा भाविक वाचकांस नव्याने सांगावयास नको. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की शेगाव हे वाहनावाचून येणाऱ्याला प्रथमपासूनच सुलभ असे क्षेत्र आहे.

मुंबई-नागपूर-हावडा या हमरस्त्यावर, भुसावळ आणि अकोला यांच्या दरम्यान शेगाव स्थानक आहे. पुष्कळशा गाड्या येथे थांबतात. सर्वच थांबतात असे मात्र नाही. म्हणून तिकीट काढतानाच आपली गाडी शेगावी थांबते ना, याची खात्री करून घ्यावी. थांबत नसल्यास सुमारे चाळीस किलोमीटरवरील अकोल्यास उतरून दुसरी गाडी किंवा एस. टी. धरावी. पूर्णा, हिंगोली, वाशीम या बाजूने येणाऱ्यांनाही अकोल्यासच गाडी बदलणे सोयीचे पडते.

जिल्ह्याचे ठाणे असूनही बुलढाणा शहरास रेल्वे नाही. तेथून आणि घाटावरील चिखली-मेहकर भागातून येणाऱ्यांनी एस. टी.ने खामगाव गाठावे. तेथून शेगाव सतरा किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला आहे आणि मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली आहे. आजीबाईंना यात्रेस नेताना खर्चाची जी काळजी वाटत असे, तिचा भार त्यामुळे बराच हलका झाला आहे. वयाचा दाखला ठरेल असे ओळखपत्र मात्र सोबत असावे.

स्थानकावर उतरल्यावर रिक्षाची घासाघीस करण्याचीही गरज नाही. संस्थानाच्या बसगाड्या भाविकांना स्थानकावरून मंदिराकडे व निवासांकडे विनामूल्य नेतात. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी थोडे थांबावे लागले तरी थांबून या गाडीनेच जावे.

उतरण्याची व्यवस्था

मंदिराच्या आसपास संस्थानाची भक्तनिवासे आहेत. जरा दूर ‘विसावा’ आणि ‘आनंद विहार’ ही प्रशस्त निवाससंकुले आहेत. दर माफक, जागा स्वच्छ आणि वातावरण असे की परक्या गावी आल्याचे लेकीसुनांना जाणवू नये. दूरच्या संकुलात खोली मिळाली म्हणून कोणी खट्टू होऊ नये. मंदिरापर्यंत जाण्यायेण्यासाठी संस्थानाची गाडी आहेच.

येथील खोल्या येईल त्या क्रमाने देण्याची पद्धत आहे. येथे पत्र पाठवून जागा राखून ठेवता येत नाही आणि थोरामोठ्यांची चिठ्ठीही कामी येत नाही. आधी उभा राहील त्याला आधी, हा नियम मोटारवाल्यास आणि पायी येणाऱ्यास सारखाच आहे. नवख्या माणसास ही गोष्ट प्रथम अडचणीची वाटते. पण ज्याच्या ओळखी नाहीत, अशा गरीब यात्रेकरूस हाच नियम आधार देतो, हे थोड्या विचारान्ती पटते. म्हणून शक्यतो सकाळीच पोहोचावे. मोठ्यांनी आपापले ओळखपत्र जवळ बाळगावे. गुरुवार आणि सुटीचे दिवस टाळता आले तर खोलीही लवकर मिळते आणि दर्शनही निवांत होते.

प्रगटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी या पर्वकाळांची गोष्ट वेगळी. त्या दिवसांत गावोगावच्या दिंड्या टाळमृदंगाच्या गजरात शेगावी लोटतात. खोली मिळेलच, असे कोणी धरून चालू नये. पथारी टाकून सर्वांबरोबर रात्र काढण्याची तयारी असेल तरच त्या गर्दीत जावे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी अकोला किंवा खामगाव येथे मुक्काम करावा व पहाटे निघून दर्शन घ्यावे. अथवा उत्सवाच्या आधी-नंतर चार दिवस सोडून यावे. सप्तमी हुकली म्हणून समाधीपुढील शांतता हुकत नाही.

जेवणाची चिंता करावयास नको. महाप्रसादाच्या पंगतीत भाविकाला दाम मोजावा लागत नाही. प्रगटस्थळ, बंकटसदन आदी महाराजांच्या वास्तव्याची ठिकाणे गावातच आहेत आणि ती सावकाश पायी पाहता येतात.

महाराज स्वतः कोठे उतरले?

निवाऱ्याचा विचार करताना मनात येते, की या गावी येऊन महाराज तरी कोठे राहिले? त्यांनी स्वतःचे घर बांधले नाही. कधी बंकटलालाच्या घरी, कधी मारुतीच्या देवळात, कधी कृष्णाजी पाटलाच्या मळ्यात त्यांचे वास्तव्य झाले. ज्या संताच्या दर्शनास आपण जातो, तो आयुष्यभर दुसऱ्याच्या ओसरीवरचा पाहुणा होता.

संतकवी दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात अकोलीची कथा आहे. भर उन्हात महाराजांनी शेतात राबणाऱ्या भास्कर पाटलाकडे पाणी मागितले. लांबून डोक्यावर वाहून आणलेले ते पाणी. भास्कराने दिले नाही, वर कठोर बोलही ऐकवले. महाराज जवळच्या कोरड्या विहिरीपाशी गेले आणि तेथे पाण्याचा झरा फुटला. पुढे हाच भास्कर त्यांचा एकनिष्ठ भक्त झाला. आपण ही कथा चमत्कार म्हणून वाचतो. पण दारी आलेल्या अनोळखी वाटसरूस ‘नाही’ म्हणण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, हा तिचा अर्थ शेगावने विशेष जपलेला दिसतो.

संस्थानाची स्थापना महाराजांच्या हयातीतच, 1908 साली झाली. 8 सप्टेंबर 1910 रोजी ऋषिपंचमीस त्यांनी समाधी घेतली. पुढील काळात व्यवस्थेला जी शिस्त आली, तीत कित्येक दशके धुरा वाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांचा वाटा फार मोठा. 4 ऑगस्ट 2021 रोजी ते निवर्तले, पण त्यांनी घालून दिलेली घडी आजही दिसते. हजारो सेवाधारी आपापला संसार सांभाळून, पाळीपाळीने येथे येतात आणि विनावेतन केर काढतात, पाणी देतात, पंगती वाढतात. खोलीचे दर अल्प राहतात ते या घामामुळे.

पाहुण्याचाही धर्म आहे

यजमान इतका उदार असला की पाहुण्यावरची जबाबदारी वाढते. दर्शन, प्रसाद आटोपल्यावरही “गाडीला अजून वेळ आहे” म्हणून खोलीस कुलूप घालून बसणे, चौघांपुरती एक खोली पुरत असता दोन अडवणे, नळ उघडे टाकणे, ही कृत्ये लहान दिसतात. परंतु आपण धरून ठेवलेल्या त्या खोलीसाठी त्याच वेळी एखादी लेकुरवाळी पायरीवर खोळंबलेली असते. तिला आपण पाहत नाही, एवढाच काय तो फरक. भास्कराला निदान तहानलेला पाहुणा समोर दिसत होता.

तेव्हा शेगावी अवश्य जावे, वाहन नाही म्हणून थांबू नये. निघताना खोली झाडून, वेळेपूर्वी किल्ली परत करावी. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी कुटुंबास लवकर निवारा मिळेल, आणि महाराजांच्या चरणी आपलीही थोडी सेवा रुजू होईल.